शीतलच्या पायावरचे दोन डाग

रामाकोन्यात कुणाचा पाय मुरगळला, कुणाची कंबर धरली, की माणूस आधी जयवंताबाईंच्या ओसरीवर येतो, दवाखान्याचं नंतर बघतो. जयवंताबाई बिब्बा देतात. बिब्ब्याचं काळंभोर फळ सुईच्या टोकाला टोचायचं, दिव्याच्या ज्योतीवर धरायचं आणि तेल सुटलं की दुखऱ्या जागेवर नेमका एक ठिपका उठवायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण बिब्बा जहाल. तेल जरा जास्त लागलं किंवा पसरलं, तर कातडी फोडांनी भरून येते आणि माणूस खाजवून खाजवून वेडा होतो. बिब्बा उतला, असं म्हणतात त्याला. जयवंताबाईंच्या हातचा बिब्बा सहसा उतत नाही, अशी त्यांची ख्याती होती.

माहेर सावरगावचं. तिथे गोटमारीच्या, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेच्या, दुसऱ्या दिवशी त्यांच्या आजीच्या दारात सुजलेल्या खांद्यांची नि दंडांची रीघ लागायची. आजीजवळ दिवा धरून बसता बसता ही विद्या जयवंताबाईंच्या हातात उतरली. लग्न होऊन रामाकोन्याला आल्या, तेव्हा सासरी संत्र्यांची बाग होती आणि नवरा, केशवराव, बोलायला भारी कंजूस. मग बोलायचं खातं जयवंताबाईंनीच सांभाळलं. बिब्ब्याचा मोबदला म्हणून त्यांनी कधी कुणाकडून काही घेतलं नाही. घेतला तो फक्त समोरच्याला चार शब्द सुनावण्याचा हक्क.

"एवढं जड पोतं उचलाले तुले कोणी सांगतलं होतं बे? बायको पाहून राहिली होती काय?"

माणूस लाजून हसायचा आणि तेवढ्यात ठिपका उठून झालेला असायचा.

सून अमिता पांढुर्ण्याची. वडील शाळामास्तर, स्वतः बी.ए. झालेली. बिब्ब्यावर तिचा विश्वास नव्हता, पण सासूशी वाद घालण्याइतका अविश्वासही नव्हता. घरात एक न बोललेला करार होता. बाहेरच्यांना बिब्बा, घरच्यांना दवाखाना. तो करार मोडला शीतलमुळे.

शीतल ही विनोद-अमिताची मुलगी, सहावीतली. दसरा होऊन गेला होता. बागेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सीताफळाची झुडपं आहेत आणि त्या वर्षी पाऊस लांबल्यामुळे गवत पोरीच्या छातीला लागत होतं. कोणतं सीताफळ डोळे उघडून पिकायला आलंय ते बघत बघत ती आत शिरली आणि धुऱ्यावरून घसरली. घोटा सुजला. अमिता तेव्हा भावाकडे गेलेली. पोरगी रडून राहिली होती आणि समोर आजी होती. जयवंताबाईंनी दिवा लावला, घोट्याच्या हाडाखाली एक ठिपका दिला. शीतल हातपाय झाडत होती, म्हणून केशवरावांना पाय धरून बसवलं.

अमिता घरी आली तेव्हा डाग पाहून तिचं तोंड उतरलं. "मी असती तर लावू देला नसता, आत्याबाई," एवढंच म्हणाली. सूज उतरली, विषय संपला.

पुढच्या आठवड्यात शीतलला ताप आला.

साधा ताप असेल म्हणून पॅरासिटामॉल दिलं. तो उतरायचा आणि दुपारून पुन्हा चढायचा. डोकं एवढं दुखायचं की खिडकीतून आलेला उजेड तिला सोसवेना. सौंसरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मलेरिया पाहिला, डेंग्यू पाहिला, टायफॉइड पाहिला. काहीच निघालं नाही. तपासताना त्यांना पोरीच्या पायावर, नडगीच्या बाजूला, एक काळी खपली दिसली. नखाएवढी, भोवती लाल कडं.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"बिब्बा हाय तो," जयवंताबाई लगेच म्हणाल्या. "मीच देला. पाय मुरगळला होता तिचा."

डॉक्टरांनी मान हलवली आणि चादर खाली ओढली. या भागातल्या डॉक्टरला बिब्ब्याचा डाग काही नवा नसतो. दिवसभरात चार तरी दिसतात.

खरं म्हणजे ती खपली जयवंताबाईंनी घरीच पाहिली होती. त्यांनी ठिपका दिला होता घोट्यावर, आणि ही होती चार बोटं वर. पण पोरगी तेव्हा पाय झाडत होती. तेलाचा एखादा थेंब उडाला असेल, त्यांनी स्वतःलाच सांगितलं. शंकेला जागाच नव्हती. बिब्बा दिला आणि पायावर काळं दिसतंय, तर ते दुसरं काय असणार? उलट त्यांच्या मनात वेगळंच भय शिरलं. बिब्बा अंगात उतला असेल तर? हा ताप आपल्याच हाताचा तर नाही?

सलाइन लावलं, अँटिबायोटिक दिलं, आणि तरीही पोरगी वाळत चालली. अंगावर बारीक लालसर पुरळ आलं. मग एका सकाळी उशाशी बसलेल्या अमिताला तिचा श्वास ऐकू आला. झोपलेल्या लेकराचा श्वास आईला एरवी ऐकू येत नाही. ऐकू आला की समजावं, काहीतरी बिनसलंय. शीतल पळून आल्यासारखी धापत होती.

"विनोद, गाडी करा. पांढुर्ण्याला न्यायचं हिले. आत्ताच्या आत्ता." आणि मग इतक्या दिवसांचं साचलेलं तिच्या तोंडून बाहेर पडलं. "आत्याबाई, माह्या पोरीले काही झालं ना, तर तुमच्या त्या दिव्यासंगं सगळं घर पेटवून देईन मी!"

जयवंताबाई गाडीत मागे बसल्या, शीतलचे पाय मांडीवर घ्यायला गेल्या. अमितानं पाय स्वतःकडे ओढून घेतले.

पांढुर्ण्यात डॉक्टर स्मिता यांचा छोटा दवाखाना आहे. वय पस्तिशीचं, शिकल्या नागपूरला, पण परत आल्या गावातच. आवाज मऊ, हात मात्र घाई करणारे. त्यांनी आल्या आल्या शीतलला ऑक्सिजन लावला आणि मग केसांच्या मुळांपासून तपासायला सुरुवात केली. कानांमागे पाहिलं, काखेत पाहिलं, कमरेला सलवारीची नाडी बांधतात तिथे पाहिलं. विनोदला काही कळेना. ताप आहे, श्वास लागलाय, आणि ही बाई पोरीच्या अंगावर काय शोधतेय?

पायाशी आल्यावर त्यांचा हात थांबला. "हे?"

"बिब्बा," विनोद म्हणाला. "माह्या मायनं देला."

"आणि हा खाली, घोट्यावरचा?"

"तोही बिब्बाच."

डॉक्टरांनी वळून जयवंताबाईंकडे पाहिलं. "आजी, दोन ठिकाणी दिला होता का?"

"नाही वं बाई. एकच देला. घोट्यावर." जयवंताबाईंनी घोट्याकडे बोट केलं. "वरचा उडाला असन. हातपाय झाडे ना पोट्टी."

डॉक्टर शीतलच्या तोंडाशी वाकल्या. "शीतल, बेटा, हा घोट्यावरचा डाग खाजला होता?"

मास्कच्या आतून पोरगी पुटपुटली, "लय."

"आणि हा वरचा?"

शीतलनं डोकं हलवलं. नाही.

"दुखतो? दाबू?" त्यांनी कडेला दाबून पाहिलं. पोरगी कण्हलीसुद्धा नाही. तिला तिथे काही आहे हेच ठाऊक नव्हतं.

"हा बिब्बा नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी मोबाइल काढून त्या खपलीचा फोटो घेतला, कपाटाकडे जाता जाता सिस्टरला औषधाचं नाव सांगितलं आणि परत येऊन थोडक्यात समजावलं. गवतात, झुडपात एक किडा असतो, गोचिडीहून कितीतरी बारीक, डोळ्यांना न दिसणारा. तो चावल्याचं कळत नाही. चावल्या जागी अशी काळी खपली धरते आणि मग ताप येतो. स्क्रब टायफस. रक्त नागपूरला पाठवू, पण रिपोर्टची वाट बघत बसणार नाही. औषध आत्ताच सुरू.

"म्हणजे माह्या बिब्ब्यानं नाही झालं?" जयवंताबाईंनी विचारलं.

'नाही' एवढंच म्हणून म्हातारीला दिलासा देणं डॉक्टरांना सोपं होतं. "बिब्ब्यानं झालं नाही, आजी. पण बिब्ब्याच्या नावाखाली लपून राहिलं."

त्यानंतरचा वेळ जयवंताबाईंनी बाहेरच्या बाकावर काढला. अमितानं त्यांना आत बसू दिलं नाही. ओरडली नाही, फक्त म्हणाली, "तुम्ही बाहेरच बसा, आत्याबाई." ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. केशवराव शेजारी बसले होते. चहा आणून देत होते, गार झाला की स्वतः पीत होते.

दुसऱ्या दिवशी ताप खाली आला. तिसऱ्या दिवशी श्वास मोकळा झाला, आणि शीतल म्हणाली, "मले मूंगवडा पाहिजे. स्टँडवरचा, मिरचीसंगं." अमिता त्या मूंगवड्यासाठी ढसाढसा रडली. विनोद स्टँडकडे धावत सुटला आणि डॉक्टरांनी त्याला अर्ध्या रस्त्यातून परत बोलावलं. तेलकट अजून काही द्यायचं नव्हतं. नागपूरचा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाल्या तेच होतं.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर स्मिता यांनी सगळ्यांना समोर बसवलं.

"मला तुमची परवानगी पाहिजे. शीतलची केस मला लिहायची आहे. डॉक्टर लोकांचं मासिक असतं, त्यात छापायला. नाव कुणाचंच येणार नाही."

"लिहा की," विनोद म्हणाला. "तुमच्यामुळे पोरगी दिसून राहिली आमाले."

"काय लिहाल?" हे जयवंताबाईंनी विचारलं.

"जे झालं ते. मुलीच्या पायावर स्क्रब टायफसची खपली होती. घरातल्यांना आणि डॉक्टरांना ती बिब्ब्याचा डाग वाटली, म्हणून निदान उशिरा झालं."

"घरातल्याईले म्हणजे मले."

"आजी, नाव—"

"नावाचं काय घेऊन बसली! रामाकोन्यात बिब्बा देणारी बाई एकच हाय. नाव नाही लिहलं तर काय लोकाईले समजत नाही? मी नाही म्हणते."

"माय, ते इंग्रजीत असते, गावात कोण वाचते?" विनोद म्हणाला.

"मंग जे कोणी वाचत नाही ते लिहाचंच कायले?"

"लिहा, मॅडम," अमिता म्हणाली. "शिकून घेऊ द्या लोकाईले." ती सासूकडे पाहत नव्हती, पण बोललेलं तिलाच होतं.

डॉक्टर स्मिता यांनी सहीचा कागद पुढे केला नाही. "आई-वडिलांची परवानगी कायद्याला पुरते. पण गोष्ट आजींची पण आहे. त्यांचं मन होईल तेव्हा करू." मग खुर्ची थोडी पुढे ओढून त्या जयवंताबाईंशीच बोलू लागल्या. "मला का सुचलं माहीत आहे का, आजी? मी काही तुमच्या सौंसरच्या डॉक्टरांपेक्षा हुशार नाही. मी मागे अशीच एक केस वाचली होती. दूर कुठल्यातरी पहाडातला मुलगा. त्याच्या पोटावर असाच डाग होता आणि सगळ्यांना वाटलं, सावत्र आईनं विडीचा चटका दिला. पोलीस आले घरी. तिकडच्या कुण्या डॉक्टरनं ते सगळं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं, स्वतःची चूकसुद्धा. तेव्हापासून कुणी म्हटलं की हा डाग चटक्याचा आहे, तर मी एकदा दाबून बघते. त्या पोराचं नाव मला माहीत नाही. पण शीतल त्याच्यामुळे बसली आहे समोर."

परतताना गाडी सौंसरच्या जवळ आली तेव्हा जयवंताबाई आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "त्या सावत्र मायचं काय झालं असन?" कुणालाच माहीत नव्हतं.

घरी शीतल दिवसेंदिवस भरत गेली. घर मात्र भरलं नाही. अमिता सासूला जेवायला वाढायची, औषध विचारायची, सगळं रीतीनं करायची. पण शीतल आजीजवळ जाऊन बसली की आतून हाक यायची. "शीतल, इकडे ये. अभ्यास राहिला." पोरगी बिचारी दोघींच्या मध्ये घोटाळायची. जयवंताबाईंनी दिवा फडताळात ठेवून दिला. कुणी मुरगळलेला पाय घेऊन आलं, तर "डोळ्याले दिसत नाही आता" म्हणून परत पाठवू लागल्या. तसे फार कुणी येतही नव्हते. गावात गोष्ट केव्हाच पसरली होती: जयवंताबाईंचा बिब्बा उतला आणि नात मरता मरता वाचली.

ती गोष्ट त्यांना समोरासमोर ऐकवली शेजारच्या चंद्रकलानं, तीसुद्धा अगदी मायेनं. चंद्रकला कुंपणापलीकडे वाल तोडत होती.

"जाऊ द्या जी, काकू. होते चूक माणसाकडून. आमच्या घरी पण ताप येऊन राहिला नं, आमच्या याईले. पण मी म्हटलं, आपल्याकडे कोणी बिब्बा लावला नाही, काही भेवाची गोष्ट नाही. उतरन दोन दिवसांत."

जयवंताबाईंनी हातातली संत्र्यांची टोपली खाली ठेवली.

"काय म्हणाली तू?"

"म्हटलं, बिब्बा लावला नाही तर—"

"गुणवंता कोठी हाय?"

चंद्रकलाचा नवरा गुणवंता घरात पांघरूण घेऊन कुडकुडत होता. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात धुऱ्याचं गवत त्यानंच कापलं होतं. जयवंताबाई थेट खाटेजवळ गेल्या. "उठ. बनियन काढ."

"ऑं? काकू, काय करून राहिल्या?"

"पाहाचं हाय अंगावर. काखा वर कर."

"चंद्रकला! अवं, काकूले बाहेर ने! लाज नाही काय माणसाले!"

"तुले नागडा मी पाहेल हाय, तू एवढासा होता तवापासून. आता काय नवीन उगवलं तुह्या अंगावर तेच पाहाले आली. नाही तर चंद्रकलाले दाखव. मी तोंड फिरवते."

त्या खरंच भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि चंद्रकलाला सांगत राहिल्या, इथे पाहा, तिथे पाहा. बराच वेळ काही निघालं नाही. मग चंद्रकला म्हणाली, "करदोड्याखाली काहीतरी काळं हाय, काकू. करदोडा घासला असन."

"दाब त्याले. दुखते का रे?"

"नाही," गुणवंता म्हणाला. मग जरा थांबून, "तिथं काही हाय, हेच मले मालूम नव्हतं."

गावात फिरणारी गोष्ट जयवंताबाईंची अब्रू घालवत होती, याचं त्यांना इतके दिवस दुःख होतं. पण भिंतीकडे पाहता पाहता त्यांच्या लक्षात आलं, ती गोष्ट नुसती त्यांची नाचक्की करत नव्हती. ती चुकीची होती, आणि चुकीची असल्यामुळे हा माणूस निर्धास्त झोपला होता. खरी गोष्ट एक बाई लिहायला निघाली होती, आणि तिला आपणच नाही म्हणून आलो.

"सौंसरले ने याले," त्या म्हणाल्या. "आन् डॉक्टरले म्हण, हा करदोड्याचा डाग नाही. जयवंताबाईनं सांगतलं म्हण. मागच्या खेपेले मीच त्याले बिब्बा म्हणून फसवलं, हे बी सांग."

सौंसरच्या डॉक्टरांनी गुणवंताला पाहिल्या पाहिल्या औषध दिलं. स्मिता डॉक्टरांचा फोन त्यांना आधीच आला होता आणि तेव्हापासून ते प्रत्येक तापाच्या रोग्याचं पांघरूण पायापर्यंत काढायला लावत होते. गुणवंताला सलाइनचीसुद्धा गरज पडली नाही. परत आल्यावर तो गावभर सांगत सुटला, की म्हातारीनं आपली अब्रू घेतली आणि जीव वाचवला.

त्याच आठवड्यात शीतलला पुन्हा दाखवायला पांढुर्ण्याला न्यायचं होतं. जयवंताबाई न विचारता बसमध्ये येऊन बसल्या. तपासणी झाली, पोरगी ठणठणीत होती.

"लिहा तुम्ही," जयवंताबाई डॉक्टरांना म्हणाल्या. "माह्यं नाव टाकाचं असन तर तेही टाका."

डॉक्टर हसल्या. "नाव नाही टाकता येत, आजी, टाकायचं म्हटलं तरी. पण एक अडचण आहे. त्या खपलीचा फोटो आहे माझ्याकडे. बिब्ब्याचा डाग मात्र फोटोत अर्धाच आलाय, आणि आता शीतलच्या पायावर तो पार फिकट पडलाय. केरळातल्या नाहीतर आसामातल्या डॉक्टरला बिब्बा म्हणजे काय ते कसं कळणार? दोन्ही शेजारी शेजारी दाखवता आले असते तर वाचणाऱ्याला एका नजरेत फरक दिसला असता. बघू, येईल कुणीतरी पेशंट बिब्बा लावून."

"आता रामाकोन्यातून तर कोणी येत नाही," जयवंताबाई म्हणाल्या. "मीच बंद केला."

पुढच्या बाजारच्या दिवशी अमिता स्वयंपाकघरात होती. ओसरीवरून जळक्या बिब्ब्याचा ओळखीचा, घशाला लागणारा वास आला. ती पोळी तव्यावर टाकून धावली. "आत्याबाई! पुन्हा कोणाले—"

ओसरीवर दुसरं कुणीच नव्हतं. जयवंताबाईंनी डाव्या हाताची बाही वर केली होती आणि उजव्या हातातली सुई स्वतःच्याच कोपराजवळ टेकवली होती. मुद्दाम तेल जास्त घेतलं होतं. ठिपका उठला, पसरला.

"हे काय करून राहिल्या?"

"उतला पाहिजे," जयवंताबाई दात आवळून म्हणाल्या. "साजरा, एका ठिपक्याचा डाग पडला तर त्यात अन् त्या खपलीत लोकाईले फरक दिसाचा नाही. चांगला उतू दे. फोड येऊ दे. तुह्यी डॉक्टरीण फोटो काढन मंग."

"तुमाले येड लागलं काय, आत्याबाई!"

आतून केशवराव बाहेर आले. त्यांनी बायकोचा हात पाहिला आणि त्या वर्षातलं सर्वांत लांब वाक्य बोलले. "चाळीस वर्षं झाले, माह्या तोंडाचा फोटो काढाले कोणी आलं नाही, आन् हिच्या कोपराचा छापून येऊन राहिला."

अमिताला हसू फुटलं. आवरायला गेली आणि आवरेना. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आत तव्यावरची पोळी जळत होती.

दोन दिवसांनी पांढुर्ण्यात डॉक्टर स्मिता मात्र हसल्या नाहीत. कोपराभोवती टरारलेले फोड पाहून त्या भडकल्याच. "हे मी सांगितलं होतं का तुम्हाला? अशानं जखम पिकते, ताप येतो! मी लिहिताना पेशंटच्या आजीला मुद्दाम भाजायला लावलं असं छापू का?"

"तुम्ही कोठी लावलं? माह्या हातानं माह्या हाताले लावलं. हे बी लिहा. म्हणा, म्हातारी ऐकाले तयार नव्हती."

"खाजतंय?"

"जीव जाऊन राहिला बाई! जल्दी काढा फोटो, आन् मलम द्या!"

डॉक्टरांनी खिडकीजवळ पांढरं कापड पसरलं. जयवंताबाईंनी हात ठेवला, पण खाजेनं तो थरथरत होता आणि फोटो हलत होता. एकदा काढला, दोनदा काढला.

"कुणीतरी हात धरा यांचा," डॉक्टर म्हणाल्या.

विनोद पुढे होण्याआधी अमिता उठली. तिनं सासूचं मनगट एका हातात घेतलं, दुसरा हात दंडाखाली घातला, फोडांना धक्का न लावता, आजारी लेकराचं अंग धरावं तसा. हात थरथरायचा थांबला. जयवंताबाई सुनेच्या तोंडाकडे न पाहता खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

"आता बरोबर आला," डॉक्टर म्हणाल्या.

मलम लावून पट्टी बांधून झाली, तरी अमितानं मनगट लगेच सोडलं नाही. "आठ दिवस पाण्यात हात घालाचा नाही तुम्ही," ती म्हणाली. "भांडे मी पाहीन. आन् खाजवलं तर माह्याशी गाठ हाय." मग दाराकडे वळून तिनं हाक मारली. "शीतल! इकडे ये. परत जाताना आजीजवळ बसाचं. तिचा हात खाजवू देऊ नको."

शीतल आली आणि आजीला बिलगली. बसमध्ये तिनं आजीचा पट्टीचा हात दोन्ही हातांनी पकडून ठेवला होता, पोलिसानं चोर धरावा तसा, आणि रामाकोना येईपर्यंत ती आजीला अजिबात हलू देत नव्हती.